आगगाडीच्या लाभाचें मोजमाप

इ. स. १८७८ सालीं दौंड व मनमाड ह्या दोन स्टेशनांमध्यें आगगाडी धांवूं लागली. मार्गाची लांबी सुमारें १४५ मैल. मुंबईहून निघालेल्या जी. आय्. पी. रेल्वेचे दोन फांटे त्यापूर्वींच सह्याद्रि चढून देशावर आले होते; एक बोरघाटानें पुण्यावरून सोलापूरकडे गेला, दुसरा थळघाटानें नाशिकवरून मनमाड-भुसावळकडे गेला. ह्या दोन फांट्यांच्या मध्यें जो मुलूख आगगाडीवांचून राहिला, तो म्हणजे नगर जिल्हा. (हल्लीं सरकारदरबारीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे, जुन्या काळच्या गोष्टी सांगतांना जुनेंच नांव तोंडीं येतें.) दौंड-मनमाड मार्गानें दोन्ही फांटे एकमेकांस सांधले आणि श्रीगोंदें, नगर, वांबोरी, राहुरी, बेलापूर, पुणतांबें, कोपरगांव हीं नांवें रेल्वेच्या वेळापत्रकांत आलीं. १८७६-७७ चा दुष्काळ चालू असतां ह्या मार्गाचें बरेंच मातीकाम दुष्काळी कामावरील मजुरांनीं केलें. ज्यांच्या घरांत दाणा नव्हता त्यांच्याच हातांनीं, पुढच्या दुष्काळांत दाणा आणणारी वाट बांधली गेली.

ह्या मार्गानें जिल्ह्याचें कल्याण किती झालें? ‘पुष्कळ झालें’ हें उत्तर कोणीही देईल. परंतु तिजोरींतून, म्हणजे अखेर रयतेच्या खिशांतून, जेव्हां मोठ्या रकमा काढावयाच्या असतात तेव्हां ‘पुष्कळ’ हा आंकडा नव्हे. शाळेंत एखाद्या मुलानें गणिताचें उत्तर ‘पुष्कळ’ असें लिहिलें तर त्याला शून्य गुण मिळतात. राज्यकर्त्यांना मात्र त्याच उत्तरावर पास होतां येतें. रस्ता, लोहमार्ग, पूल, विमानतळ ह्यांवरील खर्चाचा लाभ मोजावयाचा कसा, आणि तो कोणाच्या पदरीं पडला हें ओळखावयाचें कसें, ह्याचा विचार आज करावयाचा आहे. त्यासाठीं नगर जिल्ह्यासारखें उदाहरण दुसरीकडे शोधावयास नको.

प्रथम सर्वांत सोपा हिशेब घ्यावा. रेल्वेच्या खजिनदाराला विचारलें तर तो तिकिटांचें व मालाच्या भाड्याचें उत्पन्न सांगेल, त्यांतून कोळसा, पगार आणि दुरुस्ती वजा करील, आणि शिल्लक दाखवून म्हणेल, ‘हा लाभ.’ हा रेल्वेचा नफा झाला खरा. पण तो लोकांचा लाभ नव्हे. हा भेद ज्यानें नीट उलगडून दाखविला तो कोणी प्राध्यापक नव्हता. फ्रान्स देशांत रस्ते-पूल बांधणारा ज्यूल द्युपुई नांवाचा एक इंजिनियर होता. सार्वजनिक बांधकामांची उपयुक्तता कशी मोजावी ह्याविषयींचा त्याचा निबंध १८४४ सालचा आहे. पुलावरून जाणारा मनुष्य जी पट्टी देतो ती पुलाची किंमत दाखवीत नाहीं; तो अधिकांत अधिक किती द्यावयास तयार झाला असता, ह्यावरून त्याला पूल किती मोलाचा वाटतो तें कळतें, हें त्याच्या म्हणण्याचें सार.

आपल्याकडील उदाहरण घेऊं. समजा, एक पोतें ज्वारी वांबोरीहून पुण्यास न्यावयाला बैलगाडीनें ३ रुपये पडत होते आणि आगगाडीनें १ रुपया पडूं लागला. रेल्वेच्या वहींत १ रुपया जमा होईल. परंतु जें पोतें पूर्वींही पुण्यास जात होतें, त्याच्या मालकाचे २ रुपये वांचले. ते कोणत्याच वहींत दिसत नाहींत. आतां जें पोतें पूर्वीं ३ रुपये भाडें परवडत नाहीं म्हणून गांवांतच पडून राहत असे आणि आतां १ रुपयांत निघालें, त्याचा लाभ किती धरावा? पूर्ण २ रुपये धरतां येणार नाहींत, कारण ३ रुपयांना तें निघालेंच नसतें. शून्यही धरतां येणार नाहीं, कारण लाभ नसता तर तें आजही निघालें नसतें. अशा पोत्यांपैकीं कांहींना जवळजवळ २ रुपयांचा लाभ, कांहींना एक पैशाचा. म्हणून सरासरीनें निम्मा, म्हणजे १ रुपया, धरावा. काटकोन त्रिकोणाचें क्षेत्रफळ काढतांना मुलें पाया व उंची ह्यांच्या गुणाकाराचें निम्में करितात, तोच हा प्रकार. आज जगांतील बहुतेक सर्व सरकारांचें वाहतूक-गणित ह्याच निम्म्यावर उभें आहे; फरक इतकाच कीं पोत्याच्या जागीं मनुष्याचा वेळ आला. एका तासाची किंमत ठरवावयाची, वांचलेले तास मोजावयाचे आणि गुणाकार करावयाचा. कलेक्टराचा तास व मजुराचा तास सारख्याच मोलाचा धरावा काय, हा त्यांतला नाजूक प्रश्न आहे. पगाराच्या प्रमाणांत धरला तर मोटारींतल्या माणसासाठीं बांधलेला रस्ता नेहमींच अधिक लाभाचा ठरेल, आणि पायीं चालणाऱ्याची पायवाट कधींच परवडणार नाहीं!

भाड्याची माहिती जेथें जुन्या दप्तरांत मिळत नाहीं तेथें काय करावें? ह्यावर अमेरिकेंतील डेव्ह डोनाल्डसन नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें फार मार्मिक युक्ति काढली. त्याचा हिंदुस्थानांतील रेल्वेवरील निबंध २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. ब्रिटिश अमदानींत निरनिराळ्या प्रकारचें मीठ ठराविक ठिकाणींच पिकत असे. समुद्राचें मीठ किनाऱ्यावर, सांभरचें सांभर सरोवरांत, कोहाटचें त्या भागांतील खाणींत. नगरच्या माळावर मीठ पिकत नाहीं. तेथें जें मीठ विकलें जाईल तें बाहेरूनच आलेलें असणार. तेव्हां मिठागरावरील भाव आणि दूरच्या बाजारांतील भाव ह्यांतलें अंतर म्हणजे बहुतांशीं वाहतुकीचा खर्चच. रेल्वे आल्यावर तें अंतर किती आंखडलें, तें जुन्या भाव-पत्रकांवरून काढतां आलें. ज्या जिल्ह्यांत रेल्वे पोंचली तेथें शेतीचें खरें उत्पन्न सरासरीनें एक षष्ठांशाच्या आसपास वाढलें, असा त्याचा निष्कर्ष आहे. आणखी एक गोष्ट त्यांत आढळली, ती आपल्या दृष्टीनें अधिक मोलाची : रेल्वे येण्यापूर्वीं जिल्ह्यांतील धान्याचे भाव त्या जिल्ह्याच्या पावसावर हेलकावे खात, रेल्वेनंतर तो संबंध पुष्कळच सैल झाला.

ह्याचा अर्थ नगर जिल्ह्याला समजावून सांगावयास नको. पर्जन्यछायेंतला हा प्रदेश. मृग कोरडा गेला कीं ज्वारी-बाजरीचा भाव चढावयाचा, आणि नेमका त्याच वेळीं मजुरीचा भाव उतरावयाचा. शेजारच्या प्रांतांत धान्य असलें तरी तें आणणार कोण? दुष्काळांत वैरण नसते; वैरण नाहीं तर बैल नाहीं; बैल नाहीं तर गाडा नाहीं. धान्याची गरज सर्वांत मोठी त्याच वेळीं वाहतूक सर्वांत दुबळी. हा पेंच वाफेच्या इंजिनानें सोडविला, कारण त्याला कडबा लागत नाहीं. १८८० च्या दुष्काळ कमिशननें संरक्षक रेल्वेमार्गांचा आग्रह धरला तो ह्याच अनुभवावरून. आतां असल्या लाभाची किंमत रुपयांत कशी मांडावी? दहा वर्षांत आठ वर्षें ज्याचा उपयोग साधारण आणि दोन वर्षें ज्यावर प्राण अवलंबून, त्याची सरासरी काढणें म्हणजे घराच्या कौलांचा उपयोग बारा महिन्यांच्या सरासरी पावसावर ठरविण्यासारखें आहे.

परंतु ह्याच ठिकाणीं दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळांत आगगाडीनें धान्य आलें. पेठांतून तें विकावयासही होतें. तरी मुंबई इलाख्यांत लक्षावधि लोकांना दुष्काळी कामावर खडी फोडावी लागली, कारण धान्य स्टेशनावर होतें पण तें घेण्यास पैसा गांठीं नव्हता. वाहतूक धान्य आणते. मजुरी आणीत नाहीं. शिवाय चांगल्या सालीं तीच आगगाडी गांवचें धान्य बाहेर नेते, आणि पूर्वीं जें पेवांत साठत होतें त्याचे रोख पैसे होतात. ते पैसे शेतकऱ्याच्या हातीं टिकले तर लाभ. सावकाराच्या व्याजांत गेले तर पेवही गेलें आणि पैसाही गेला.

दादाभाई नौरोजींचा आक्षेप ह्याहून मोठा होता. इतर देशांत रेल्वेवर झालेला खर्च व तिचा लाभ देशांतच फिरतो. हिंदुस्थानांत मात्र भांडवलाचें व्याज व वरिष्ठ नोकरांचे पगार ह्यांच्या रूपानें तो बाहेर जातो, असें त्यांनीं आयुष्यभर मांडलें. पहिल्या रेल्वे कंपन्यांना सरकारनें शेंकडा ५ व्याजाची हमी दिली होती. मार्ग तोट्यांत चालला तरी व्याज रयतेकडून भरून निघे. दौंड-मनमाड मार्ग सरकारनें स्वतःच्या खर्चानें बांधला होता, तरी १८८१ पासून तो चालविला जी. आय्. पी. कंपनीनेंच. लाभ किती, हा पहिला प्रश्न. लाभ कोणाला, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर कितीही अचूक आलें तरी त्यांत दुसऱ्याचें उत्तर येत नाहीं. आजचे इंजिनियर व अर्थशास्त्रज्ञ मोठमोठे ग्रंथ पहिल्या प्रश्नावर लिहितात; दुसऱ्यावर चार पानें असलीं तरी पुष्कळ.

ह्या दुसऱ्या प्रश्नाचें एक उत्तर वंजाऱ्यांच्या तांड्यांत सांपडतें. आगगाडीपूर्वीं दख्खनमध्यें धान्य, मीठ, कापूस हीं सर्व बैलांच्या पाठीवरून चालत. शेंकडों बैलांचे तांडे पिढ्यान्पिढ्यांच्या ओळखीच्या वाटांनीं हिंडत. लष्करालाही रसद तेच पुरवीत. आधीं पक्क्या सडकेवरच्या गाड्यांनीं आणि मग आगगाडीनें हा धंदा बसविला. ज्वारीच्या पोत्यामागें जे २ रुपये वांचले असें वर म्हटलें, त्यांतला कांहीं भाग ह्या तांड्यांच्या तोंडचा घास होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीनें त्यांत चूक नाहीं. तेंच धान्य कमी श्रमांत पोंचूं लागलें, आणि मोकळे झालेले श्रम दुसऱ्या कामाला लागावे, अशी अपेक्षा. पण दुसरें काम कोठें होतें? वंजारी समाजाची वस्ती आज पाथर्डी, आष्टी, बीड ह्या बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यांत मोठी आहे, आणि महाराष्ट्रांतील ऊंसतोड कामगारांपैकीं फार मोठी संख्या ह्याच पट्ट्यांतून जाते. दीडशें वर्षांच्या अंतरावरील ह्या दोन गोष्टींत सरळ कार्यकारणभाव जोडणें धाडसाचें होईल. तथापि जमेच्या बाजूला आगगाडी लिहितांना खर्चाच्या बाजूला तांडा लिहिला पाहिजे, एवढें खरें.

लाभ मोजतांना आणखी एक खोड लागते, ती दोनदां मोजण्याची. स्टेशन झालें कीं आसपासच्या जमिनीचा भाव वाढतो. उत्साही लोक मग भाड्यांतील बचतही लाभांत धरितात आणि जमिनीची वाढलेली किंमतही धरितात. वस्तुतः जमीन महाग झाली ती भाडें वांचतें म्हणूनच. म्हणजे एकच रुपया एकदां शेतकऱ्याच्या खिशांत दिसला आणि पुन्हां सातबाऱ्यावर दिसला. एकच पोतें दोन दारांनीं आंत आणून दोन पोतीं म्हणून लिहिण्यासारखें हें आहे. मात्र जमिनीचा भाव निरुपयोगी नाहीं. लाभ अखेर कोणाकडे गेला, जमीनमालकाकडे, कुळाकडे कीं व्यापाऱ्याकडे, हें त्यावरून चांगलें कळतें.

आतां सर्वांत रसाळ भाग, अर्थात् ऊंस. आज अहिल्यानगर जिल्हा म्हटला कीं साखर डोळ्यांपुढें येते. कोपरगांव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी ह्या तालुक्यांतून जातांना आगगाडीच्या दोन्ही अंगांना ऊंस दिसतो, आणि पाहणारा सहज म्हणतो, ‘पाहा, रेल्वेनें केवढी समृद्धि आणली!’ परंतु तारखा मांडून पाहाव्या. रेल्वे आली १८७८ त. पुढें तीस वर्षें तिच्या दोन्ही बाजूंस बाजरीच होती. गोदावरीचे व प्रवरेचे कालवे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत झाले. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. हरेगांवचा बेलापूर कंपनीचा कारखाना त्याच सुमाराचा. १९३२ सालीं सरकारनें साखरेच्या धंद्यास जकातीचें संरक्षण दिलें, आणि मग कालव्यांच्या पाण्याखालीं खासगी कारखाने भराभर उभे राहिले. ऊंस कसा लावावा, त्याला खत-पाणी किती द्यावें, ही विद्या घेऊन सासवडचे माळी बागाइतदार ह्या कालव्यांवर आले. मग प्रवरानगरचा सहकारी कारखाना. विठ्ठलराव विख्यांनीं शेतकरी गोळा केले, आणि १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें. आतां सांगावें, ह्या साखरेंतला रेल्वेचा वांटा किती? पाणी नसतें तर ऊंस नसता. आगगाडी नसती तर यंत्रसामग्री आलीही नसती आणि साखर गेलीही नसती. जकात नसती तर जावा बेटाच्या साखरेपुढें हे कारखाने तगले नसते. चार बैलांनीं मोट ओढली तर कोणत्या बैलानें किती पाणी काढलें, हें पन्हाळांत पाहून कळत नाहीं.

ह्या गुंत्यांत हात घालण्याचें पहिलें पद्धतशीर काम ह्याच जिल्ह्यांत झालें, ह्याचा येथील लोकांस अभिमान वाटावा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र-राज्यशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ह्यांनीं गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी करून तिचा वृत्तांत १९४८ सालीं प्रसिद्ध केला. विषय कालव्यांचा, वाहतुकीचा नव्हे. परंतु पद्धत दोहोंस सारखीच लागू. कालव्यांची पाणीपट्टी व्याजालाही पुरत नव्हती. सरकारच्या खतावणींत ते तोट्याचे होते. गाडगीळांनीं वही बाजूला ठेवून गांवें पाहिलीं. कालव्याखालचा प्रदेश आणि तसाच कोरडवाहू प्रदेश ह्यांची तुलना केली. पीक किती वाढलें, मजुरी किती वाढली, गूळ-साखरेच्या धंद्यांत किती हात लागले, हें सर्व तपासलें. कालव्यानंतरची स्थिति कालव्यापूर्वींच्या स्थितीशीं ताडून भागत नाहीं, कारण मधल्या काळांत जगही बदललेलें असतें; कालवा नसतां आज काय असतें, त्याच्याशीं ताडावें लागतें. तें ‘नसतां’ कोठेंच दिसत नाहीं, म्हणून शेजारचें कोरडें गांव पाहावयाचें. हेच गाडगीळ पुढें प्रवरानगर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. जो मोजतो तोच बांधावयासही उतरला, असें क्वचित् घडतें.

‘नसतां काय झालें असतें’ हा प्रश्न अमेरिकेंत रॉबर्ट फोगेल ह्यांनीं १९६४ सालीं रेल्वेला लावला, तेव्हां मोठी खळबळ उडाली. रेल्वे नसती तर नद्या व कालवे ह्यांतून बहुतेक माल गेलाच असता. त्यामुळें १८९० सालच्या राष्ट्रीय उत्पन्नांतला रेल्वेचा वांटा शेंकडा ५ पेक्षांही कमी, असें त्यांचें गणित निघालें. हें गणित दख्खनला लावून पाहावें. प्रवरा, मुळा, भीमा ह्यांतून मालाची नाव चालविण्याची कल्पना कोणी वैशाखांत नदीकांठीं उभें राहून करून पाहावी! जेथें पर्याय चांगला तेथें नव्या मार्गाचा लाभ थोडा. जेथें पर्याय म्हणजे बैलाची पाठ, तेथें तोच मार्ग दसपट मोलाचा. लंडनचा किंवा जपानचा आंकडा उचलून तो बीड-पाथर्डीला लावणाऱ्यांनीं हें ध्यानांत घेतलें तर बरें.

रस्त्यांच्या बाबतींत हा जिल्हा आणखी एका गोष्टीसाठीं प्रसिद्ध आहे. १ जून १९४८ रोजीं सरकारी एस्. टी. ची पहिली गाडी नगरहून पुण्यास गेली. त्यापूर्वीं खासगी मोटारवाले आपापसांत चढाओढ करीत; गाडी भरली तर निघावयाची, नाहीं तर प्रवासी ताटकळत बसावयाचे. गाडगीळ व गोगटे ह्यांनीं मुंबई इलाख्यांतील सहा जिल्ह्यांच्या मोटार-वाहतुकीची पाहणी १९३५ सालींच प्रसिद्ध केली होती. ठराविक वेळीं निघणारी गाडी, मग ती रिकामी कां असेना, हीच एक मालमत्ता आहे. बाळंतीण दवाखान्यांत पोंचते, मुलगी तालुक्याच्या हायस्कुलांत जाते, म्हातारा पेन्शन आणावयास जातो. अशा गाडीचा हिशेब केवळ तिकिटांवर केला तर आडगांवची प्रत्येक गाडी बंद करावी लागेल. लंडन शहरांतील व्हिक्टोरिया भुयारी रेल्वेचा लाभ फॉस्टर व बीसले ह्यांनीं १९६३ सालीं मोजला, तेव्हां असें दिसलें कीं कंपनीच्या दृष्टीनें मार्ग तोट्याचा; परंतु लाभाचा मोठा वांटा त्या गाडींत कधींही न बसणाऱ्यांचा आहे, कारण वरच्या रस्त्यांवरची गर्दी कमी होते. अशा लोकांकडून तिकीट घ्यावयाचें कसें?

अलीकडच्या कामांविषयीं थोडक्यांत. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग, लांबी ७०१ किलोमीटर, कोपरगांव तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला व सबंध मार्ग ५ जून २०२५ रोजीं. शिर्डीस रेल्वेचा फांटा झाला, १ ऑक्टोबर २०१७ रोजीं काकडीचें विमानतळ सुरू झालें. सोळा तासांचा प्रवास आठांवर येतो, हें ऐकून आनंद होतो. पण ह्यांतला नवा लाभ किती आणि जुन्या सडकेवरून नुसता उचलून नव्या सडकेवर ठेवलेला किती, हें वेगळें काढलें पाहिजे. नव्या मार्गाच्या फांट्यावर दहा खाणावळी उघडल्या आणि जुन्या रस्त्यावरच्या आठ बंद पडल्या, तर जिल्ह्याला लाभ दोनांचा. उद्घाटनाच्या भाषणांत मात्र तो दहांचा असतो. यात्रेकरू वेगानें आला आणि त्याच दिवशीं परतला, तर त्याचा वेळ वांचला हें खरें. धर्मशाळेवाल्याच्या मुक्कामाचें काय झालें तेंही मांडावें.

आणि आतां ज्या मार्गासाठीं हें सर्व गणित आज खरोखरी लागतें, त्याकडे येऊं. अहिल्यानगर-बीड-परळी हा सुमारें २६१ किलोमीटरांचा लोहमार्ग १९९५-९६ सालीं मंजूर झाला. तेव्हां अंदाज ३५३ कोटि रुपयांचा होता. पुढें तो ४,८०० कोटींच्या वर गेला. (रुपयाचें मोल ह्या काळांत पुष्कळ घटलें आहे, म्हणून दोन आंकडे शेजारीं ठेवून नुसते डोळे विस्फारण्यांत अर्थ नाहीं.) नगर ते आष्टी गाडी २३ सप्टेंबर २०२२ रोजीं सुरू झाली, बीडला ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं पोंचली. मंजुरीपासून बीडपर्यंत तीस वर्षें. मंजुरीच्या वर्षीं जन्मलेलें मूल, गाडी येईपर्यंत स्वतः बाप झालें असेल.

रेल्वेखात्याचा जुना दंडक असा होता कीं नव्या मार्गावर शेंकडा १४ परतावा दिसला पाहिजे. बीडचा मार्ग त्या कसोटीला उतरण्यासारखा नव्हता. मागासलेल्या भागाची गरज म्हणून तो हातीं घेतला गेला, आणि म्हणूनच वर्षानुवर्षें त्याच्या वांट्याला उरलासुरला पैसा आला. ह्यांत एक तर्कदोष लपला आहे. अर्धा मार्ग बांधून त्यावरचे प्रवासी मोजले तर ते थोडेच निघणार. नदीच्या मध्यापर्यंत बांधलेल्या पुलावर पट्टी किती जमते? लांबणीचा खर्चही कोणी मोजीत नाहीं. गुंतविलेलें भांडवल मातीच्या भरावांत पडून राहतें, त्याचें व्याज चालूच असतें, आणि भूसंपादनांत ज्याचें शेत गेलें त्याला गाडीची शिटी ऐकावयासही मिळत नाहीं.

पण हा मार्ग नेणार काय आणि आणणार काय? प्रत्येक वाटेला दोन टोकें असतात. आष्टी, पाटोदें, शिरूर, पाथर्डी ह्या भागांतून दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें कोयता घेऊन निघतात. मुकादमाची उचल आधींच घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब, मुलें गाडीवर. उन्हाळा लागल्यावर परत. लोहमार्गामुळें बीडच्या कापसाला, कांद्याला, दुधाला जवळची पेठ मिळाली आणि गांवांतच काम निघालें, तर ही पायपीट घटेल. उलट गाडीमुळें मजूर बाहेर नेणें अधिक स्वस्त झालें आणि बाहेरचा तयार माल आंत येऊन गांवचे लहान धंदे बसले, तर ती वाढेल. जगांत दोन्ही प्रकार घडलेले आहेत. प्रवाशांची संख्या दोन्ही वेळीं वाढेलच. म्हणजे ज्या आंकड्यावरून रेल्वे आपलें यश जाहीर करील त्यावरून ह्या प्रश्नाचा निकाल लागणार नाहीं.

तो कशानें लागेल? ज्यांस फारसा पैसा लागत नाहीं अशीं कांहीं मापें जवळच आहेत. नगरच्या आणि बीडच्या बाजारसमितींत एकाच दिवशीं ज्वारी, तूर, कांदा ह्यांचा भाव काय, तें दर आठवड्यास टिपावें. अंतर आंखडत गेलें तर मिठाच्या युक्तीप्रमाणें वाहतुकीचा लाभ दिसूं लागेल. मुकादमाची उचल किती द्यावी लागते, तें पाहावें. गांवांत काम मिळूं लागलें तर मजूर सहजासहजीं निघणार नाहीं आणि उचलीचा आंकडा चढेल. आणि सर्वांत खरें माप प्रत्येक गांवच्या प्राथमिक शाळेंत, मास्तरांच्या कपाटांत आहे. हजेरीपटावर ऑक्टोबरांत किती मुलें आणि जानेवारींत किती, हें दरसाल ताडून पाहावें. ज्या गांवीं स्टेशन झालें तेथली गळती कमी झाली आणि स्टेशनापासून दहा कोसांवरच्या तसल्याच गांवीं ती होती तशीच राहिली, तर लोहमार्गानें काय केलें तें कळेल. दोन्हीकडे सारखीच कमी झाली, तर कारण दुसरीकडे शोधावें लागेल. कदाचित् ऊंस तोडणारें यंत्र आलें असेल, कदाचित् वसतिगृह निघालें असेल.

एक अडचण मात्र आहे. गाडी सुरू होण्यापूर्वींचे आंकडे गाडी सुरू झाल्यावर गोळा करतां येत नाहींत. नगर-आष्टी भागांत ती वेळ निघून गेली. बीडपासून परळीपर्यंतचा टप्पा सप्टेंबर २०२५ मध्यें अजून व्हावयाचा होता. तेथील शाळांचे हजेरीपट आणि बाजारसमित्यांचीं भाव-पत्रकें त्या मार्गावर पहिली गाडी येण्यापूर्वीं उतरून ठेवावयाचीं आहेत, आणि त्याला एक कारकून व एक वही पुरे.